तबल्याच्या रियाजासाठी फ्लॅटमधील खोली ध्वनिरोधक करणे (ठाणे, घोडबंदर रोड)

तालमग्न (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आम्ही घोडबंदर रोडवर कासारवडवलीजवळ एका बहुमजली इमारतीत राहतो. मुलगी तबला शिकते आणि आता तिचा रियाज सकाळ-संध्याकाळ असा वाढला आहे. आमच्या खालच्या घरात एक ज्येष्ठ दांपत्य राहते. त्यांनी कधी भांडण केले नाही. पण काकूंनी एकदा लिफ्टमध्ये सांगितले की चाटीचा (उजव्या तबल्याच्या कडेचा) आवाज त्यांना फारसा जाणवत नाही, डग्ग्याचे (डाव्या, खर्जातल्या तबल्याचे) घुमणे मात्र भिंतीतून, पलंगातून अंगात शिरते. त्यांच्या या एका वाक्यात आमच्या कामाचे अर्धे निदान होते. शिवाय गुरुजींना पाठवायचे ध्वनिमुद्रण करताना रस्त्यावरची अवजड वाहतूक आणि भोंगे खोलीत येतात, तो त्रास उलट दिशेचा. या दोन्हींसाठी आम्ही एक १० बाय ११ फुटांची खोली तयार करून घेतली. त्यातून जे कळले ते सविस्तर लिहीत आहे, कारण या विषयावर मराठीत नीट माहिती फार कमी सापडते आणि बाजारात मात्र फोम विकणारे पुष्कळ सापडतात.

सर्वांत आधी एक भेद मनात पक्का करावा. खोलीतला आवाज खोलीतच विरून जावा, त्याचा प्रतिध्वनी उठू नये, हे ध्वनिशोषणाचे काम आहे. आवाज खोलीच्या बाहेर जाऊ नये किंवा बाहेरचा आत येऊ नये, हे ध्वनिरोधनाचे काम आहे. फोम, कापडी पॅनेल आणि जाड पडदे पहिले काम करतात. दुसऱ्या कामासाठी वजन लागते, हवाबंदपणा लागतो आणि कंपन पुढे जाऊ न देणारी तोड लागते. एक इंच जाडीचा फोम इतका हलका आणि सच्छिद्र असतो की आवाज त्यातून आरपार जातो. तो चारही भिंतींना लावला तर खोलीत बसलेल्याला सगळे शांत झाल्यासारखे वाटते, पण खालच्या काकूंना काहीही फरक पडत नाही. अंड्यांच्या ट्रेबद्दलही हेच सांगता येईल, आणि त्या तर आग पकडायला फारच सोप्या.

आवाज कोणत्या वाटेने जातो हे पैसे खर्च करण्याआधी शोधावे. आम्ही रात्री पॅसेजमधले दिवे बंद करून खोलीच्या आत टॉर्च लावला. दाराखाली तर उजेडाची पट्टी दिसलीच. पण चौकट आणि भिंत यांच्या मध्ये, जिथे गिलावा सुटला होता, तिथेही वरच्या कोपऱ्यात उजेडाची बारीक रेघ दिसली. खिडकीशी उदबत्ती धरली तेव्हा सरकत्या झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथे धूर स्पष्टपणे आत ओढला जात होता. एसीच्या तांब्याच्या नळ्या ज्या भोकातून बाहेर जातात ते भोक वरवर पांढऱ्या सिमेंटने बुजवलेले होते आणि आतून पोकळ होते. जिथून हवा जाते तिथून आवाज जातोच.

या फटींचे महत्त्व किती, ते एका साध्या हिशोबाने कळते. दार ७ फूट बाय ३ फूट असेल तर त्याचे क्षेत्रफळ ३,०२४ चौरस इंच होते. त्याखाली अर्ध्या इंचाची फट असेल तर ती १८ चौरस इंच, म्हणजे साधारण ०.६ टक्के. पण एवढी फट उघडी असताना दार शिशाचे केले तरी ते २२ डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. फट एक हजारांश असेल तर मर्यादा ३० डेसिबलची. म्हणून महागडे दार घेऊन खाली फट ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

आम्ही पोकळ दार काढून भरीव गाभ्याचे, जाड फ्लश डोअर बसवले, चौकटीच्या तिन्ही बाजूंना रबरी गॅस्केट लावले आणि खाली दार बंद होताच आपोआप उतरणारी सीलची पट्टी बसवली. सुताराला एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागली: दार लावल्यावर गॅस्केट सर्व बाजूंनी सारखे दाबले गेले पाहिजे, त्यासाठी बिजागऱ्या आणि कुलपाची खाच दोन्ही नीट जुळवाव्या लागतात. एका बाजूला कागदाची पट्टी दारात धरून ती सहज ओढून निघते का, हे पाहून आम्ही प्रत्येक फूटभर अंतरावर तपासणी केली. मोबाइलवरील ॲप अचूक डेसिबल दाखवत नाही, पण एकाच फोनने आत आणि बाहेर मोजलेला फरक तुलनेला पुरतो. आमच्या दारापाशी हा फरक विशीतून तिशीच्या थोडा वर गेला. दहा डेसिबलची घट कानाला साधारण निम्म्या आवाजाइतकी वाटते, म्हणून ही सुधारणा लहान नाही.

खिडकीवर सर्वांत जास्त खर्च झाला आणि तो योग्य झाला असे माझे ठाम मत आहे. मूळ खिडकी ५ मिलिमीटर काचेची, ॲल्युमिनियमची सरकती. अशा खिडकीला ब्रशची पट्टी असते, ती धूळ अडवते पण हवाबंद होत नाही. इमारतीचे बाह्यरूप बदलायला सोसायटीची परवानगी नसल्याने बाहेरची खिडकी आहे तशीच ठेवली आणि तिच्या आत, भिंतीच्या जाडीचा उपयोग करून, सुमारे चार इंच अंतरावर दुसरी बिजागरीची खिडकी बसवली. तिला ८ मिलिमीटरची लॅमिनेटेड काच आणि चारही बाजूंनी गॅस्केट आहे.

येथे दुकानदार एक पर्याय हमखास सुचवतात: दोन काचा आणि मध्ये १२ मिलिमीटर हवा असलेले बंद युनिट. उष्णतेसाठी ते उत्तम आहे, पण रस्त्याच्या आवाजासाठी ते अपेक्षेइतके चालत नाही. दोन काचा आणि मधली हवा मिळून एक स्प्रिंग तयार होते आणि एका विशिष्ट कंप्रतेला ती स्प्रिंग आवाज अडवण्याऐवजी पुढे ढकलते. ५ मिलिमीटरच्या दोन काचा १२ मिलिमीटर अंतरावर असतील तर ही कंप्रता २२० हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे नेमकी वाहतुकीच्या घरघरीच्या आणि माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात. आमच्या रचनेत अंतर चार इंच असल्याने ती ७० हर्ट्झच्या जवळ उतरली. दोन्ही काचांची जाडी वेगवेगळी ठेवण्याचाही फायदा होतो, कारण प्रत्येक जाडीच्या काचेचा एक कमकुवत स्वर असतो आणि जाडी भिन्न असली की दोघींचे कमकुवत स्वर एकत्र येत नाहीत.

आता काकूंच्या तक्रारीचा मूळ मुद्दा. डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याखालचा असतो. तो हवेतून जातोच, पण चुंबळीवर ठेवलेला तबला जमिनीवर असल्याने त्याचे कंपन थेट स्लॅबमध्ये उतरते. स्लॅब, बीम आणि भिंती एकसंध काँक्रीटच्या असल्यामुळे ते खाली, बाजूला आणि कधी कधी दोन मजले पलीकडेही पोहोचते. भिंतींवर काहीही लावून हे थांबत नाही, ते उगमापाशीच तोडावे लागते. आम्ही ४ फूट बाय ५ फुटांचा एक चौथरा केला. खाली निओप्रीनचे रबरी ठोकळे ठराविक अंतरावर, त्यावर १९ मिलिमीटर प्लायचे दोन थर एकमेकांना सांधे चुकवून, मध्ये बिटुमेनचा जड पत्रा आणि वर सतरंजी. चौथरा भिंतीला कोठेही टेकत नाही. रबर किती कडक असावे हे चौथऱ्याच्या आणि वादकाच्या वजनावर ठरते. फार कडक घेतले तर ते दगडासारखे वागते, फार मऊ घेतले तर पूर्ण चेपून पुन्हा कडक होते. विक्रेत्याला वजन सांगून त्याच्या तक्त्यातून योग्य ठोकळा निवडून घ्यावा. थर्माकोल किंवा व्यायामाची पातळ चटई या कामाला पुरत नाही.

चौथरा झाल्यावर काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, "ऐकू येतं, पण आता झोप मोडत नाही." खोली पूर्ण निःशब्द करणे हे उद्दिष्ट नव्हतेच.

भिंती आणि छताबद्दल मी मुद्दाम कमी लिहिले आहे, कारण तिथे जाणकारांचे मत हवे आहे. आमची एक भिंत शेजारच्या फ्लॅटला लागून आहे. तिच्यावर काही करावे का?

खारेगावकर

तालमग्न, फार उपयुक्त लेखन. माझा प्रश्न फोमबद्दलच आहे. मी वाशीला एका दुकानात गेलो होतो. तेथे पॅनेलच्या पाठीवर ०.९ असा आकडा होता आणि विक्रेत्याने ९० टक्के आवाज अडतो असे सांगितले. तुमच्या म्हणण्याप्रमाणे हे चुकीचे आहे का? मला पॉडकास्टसाठी खोली हवी आहे, वाद्य वाजवायचे नाही.

तालमग्न

खारेगावकर, तो आकडा एनआरसीचा असावा. एनआरसी शून्य ते एक या मापात असतो आणि पॅनेलवर पडलेल्या आवाजापैकी किती आवाज परावर्तित न होता नाहीसा होतो हे सांगतो. त्यात मधल्या पट्ट्यातील चार कंप्रतांचीच सरासरी असते. आवाज पलीकडे जाण्याशी त्याचा संबंध नाही. पलीकडे जाणाऱ्या आवाजासाठी एसटीसी किंवा आरडब्ल्यू हा आकडा विचारावा. तो डेसिबलशी निगडित असतो आणि दार, खिडकी, भिंत अशा पूर्ण रचनेसाठी दिला जातो. एकट्या फोमच्या तुकड्याला असा आकडा कोणी देत असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल मागावा.

पॉडकास्टसाठी मात्र ध्वनिशोषण खरेच लागते, कारण मायक्रोफोन खोलीचा प्रतिध्वनी निर्दयपणे पकडतो. तुमच्या गरजेला कपड्यांचे उघडे कपाट, पुस्तकांची मांडणी, जाड गोधडी आणि दोन-तीन चांगली रॉकवूलची (दगडी तंतूंच्या लोकरीची) पॅनेल पुरेशी होतील. फक्त साधा पॉलियुरेथेन फोम जवळजवळ कोठेही वापरू नका. तो पटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. रॉकवूल जळत नाही.

बांधकामवाला

मी स्थापत्य अभियंता आहे आणि ठाणे-नवी मुंबईतील निवासी इमारतींवर काम करतो. भिंतीबद्दल विचारले आहे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी आपली भिंत कशाची आहे हे तपासावे. अलीकडच्या अनेक टॉवरमध्ये मिवान पद्धतीने (ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) काँक्रीटच्या भिंती असतात, काहींमध्ये आतल्या भिंती एएसी ब्लॉकच्या (सच्छिद्र, हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) असतात आणि वाशी, नेरूळच्या जुन्या सिडको इमारतींमध्ये विटांच्या भिंती भेटतात. काँक्रीटची घनता घनमीटरला सुमारे २,४०० किलो, एएसी ब्लॉकची ६०० च्या आसपास. म्हणजे चार इंची काँक्रीट भिंतीचे वजन चौरस मीटरला साधारण २४० किलो आणि तेवढ्याच जाडीच्या एएसी भिंतीचे सुमारे ६० किलो. वजन दुप्पट झाले की ध्वनिरोधन ढोबळमानाने ५ ते ६ डेसिबलने वाढते, त्यामुळे या दोन भिंतींत दहा डेसिबलच्या आसपास फरक पडू शकतो. भिंतीवर बोटाने टकटक केल्यावर पोकळ आणि हलका आवाज आला तर एएसीची शक्यता जास्त. काँक्रीटची भिंत असेल तर ती बहुधा आधीच पुरेशी चांगली असते आणि आवाज तिच्यातून येत नसून विजेच्या बॉक्समधून किंवा खिडकीच्या बाजूने वळसा घालून येत असतो. दोन्ही फ्लॅटचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवलेले असणे ही नेहमीची गोष्ट आहे. तेथे बॉक्स बाहेर काढून मागची बाजू अग्निरोधक पुट्टीने भरावी.

भिंत हलकी असेल आणि काम करायचेच असेल तर एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. भिंतीला एक इंची लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर जिप्सम बोर्डचा एकच थर मारणे हे काम सर्रास केले जाते. त्यातून, वर सांगितलेल्या दोन काचांच्या स्प्रिंगसारखाच, १२५ हर्ट्झच्या आसपास अनुनाद तयार होतो आणि डग्ग्याच्या आवाजासाठी भिंत पूर्वीपेक्षा वाईट होते. खर्च करून आवाज वाढवल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत. त्याऐवजी भिंतीला न टेकणारा स्वतंत्र जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचा सांगाडा उभा करावा, त्याच्या खाली आणि वर रबरी पट्टी द्यावी, मधल्या चार इंचांत घनमीटरला ४८ किलो घनतेचे रॉकवूल भरावे आणि १२.५ मिलिमीटर जिप्सम बोर्डचे दोन थर सांधे चुकवून लावावेत. तेव्हा अनुनाद ४५ हर्ट्झच्या जवळ उतरतो आणि डग्गा त्याच्या वर राहतो. बोर्डच्या कडा सिमेंटने किंवा पीओपीने न भरता न वाळणाऱ्या, लवचिक सीलंटने भराव्यात, कारण पीओपीला पहिल्या पावसाळ्यात-उन्हाळ्यात तडा जातो. यात खोलीची साधारण पाच-साडेपाच इंच रुंदी जाते, हे आधी मान्य करून घ्यावे.

काही जण विटांची दुसरी भिंत बांधू म्हणतात. दोन थर जिप्सम बोर्डचे वजन पावणेतीन मीटर उंचीच्या भिंतीला धावत्या मीटरमागे सुमारे ५० किलो होते. चार इंची विटांची गिलावा केलेली भिंत त्याच लांबीला ६०० किलोच्या वर जाते. निवासी खोलीची जमीन भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भारासाठी (माणसे, सामान यांच्या वजनासाठी) आखलेली असते, आणि स्लॅबच्या मध्यावर अशी भिंत बांधणे धोक्याचे आहे. रचना अभियंत्याच्या लेखी संमतीशिवाय हे करू नये.

ऐरोलीची वाचक

आम्ही ठाणे-बेलापूर रस्त्यालगत भाड्याच्या घरात राहतो. रात्री ट्रक आणि कंप्रेसरचा आवाज येतो. माझे काम घरून चालते. घरमालक खिडकी किंवा भिंत यांना हात लावू देणार नाहीत. तरी काही करता येईल का?

तालमग्न

ताई, करता येईल, पण मर्यादेत. खिडकीच्या आतल्या चौकटीला चुंबकीय पट्टी चिकटवून त्यावर जाड ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा बसवता येतो. तो घर सोडताना काढून नेता येतो आणि दोन खिडक्यांमधील अंतराचा थोडाफार लाभ मिळतो. पत्रा शक्य तेवढा जाड घ्यावा आणि कडा पूर्ण बंद व्हायला हव्यात. दाराला चिकटवायचे गॅस्केट आणि खाली ब्रश किंवा रबरी पट्टी यांना कोणी घरमालक हरकत घेत नाही. जाड पडद्यांवर फार विसंबू नका. ते खोलीचा प्रतिध्वनी कमी करतील. ट्रकच्या घरघरीला मात्र अडवणार नाहीत. कामाचे टेबल आणि पलंग रस्त्याकडच्या भिंतीपासून दूर, शक्य असेल तर मागच्या खोलीत हलवणे हा बिनखर्चाचा आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

उलव्याहून

विमानतळ सुरू झाल्यापासून आम्हाला विमानांच्या आवाजाचा विचार करावा लागत आहे. वरच्या मजल्यावर असल्याने छताचेही काही करावे का?

बांधकामवाला

काँक्रीटचा स्लॅब जड असतो, त्यातून विमानाचा आवाज फारसा येत नाही. तो खिडक्यांमधून, बाथरूमच्या झरोक्यातून आणि एक्झॉस्ट पंख्याच्या भोकातून येतो. आधी तेच बंदोबस्ताने करावे. वर पत्र्याची शेड असेल किंवा स्लॅबऐवजी हलके छप्पर असेल तर गोष्ट वेगळी.

नेरूळ सेक्टरवासी

माझा त्रास उलटा आहे. वरच्या घरात खुर्च्या ओढल्या जातात, मुले धावतात आणि सकाळी सहाला ओट्यावर काहीतरी कुटले जाते. मी आमच्या खोलीला फॉल्स सीलिंग करून आत ग्लासवूल भरावे असे एका कंत्राटदाराने सांगितले आहे. त्याने थांबेल का?

बांधकामवाला

थोडे कमी होईल, थांबणार नाही. आघाताचा आवाज स्लॅबमधून भिंतींत उतरतो आणि तुमच्या खोलीच्या चारही भिंती त्याच्यासाठी ध्वनिवर्धकासारख्या वागतात. छत झाकले तरी भिंती उघड्याच राहतात. शिवाय फॉल्स सीलिंग स्लॅबला कडक तारांनी किंवा पट्ट्यांनी टांगले तर तारांमधून कंपन खाली येते. करायचेच असेल तर रबरी किंवा स्प्रिंगचे हँगर वापरावेत, बोर्डचे दोन थर द्यावेत, भिंतींशी लवचिक सांधा ठेवावा आणि त्यात दिव्यांसाठी भोके पाडू नयेत. ज्या खोलीची उंची नऊ-साडेनऊ फूट आहे तिथे आठ-नऊ इंच देणे अनेकांना परवडत नाही.

याला खरा उपाय वरच्या घरात आहे आणि तो अत्यंत स्वस्त आहे. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या टिकल्या, मुलांच्या खेळण्याच्या जागी जाड गालिचा, ओट्यावर खलबत्त्याखाली दुमडलेला रबराचा तुकडा. या तीन वस्तू तुम्ही स्वतः विकत घेऊन, गोड शब्दांत, वरच्यांना नेऊन द्याव्यात असे मी सुचवेन. वरच्यांना खाली काय ऐकू येते याची बहुतेक वेळा खरोखर कल्पना नसते. त्यांना एकदा आपल्या खोलीत बोलावून ऐकवणेही उपयोगी पडते.

गायनशिक्षिका, पाचपाखाडी

मी घरी शास्त्रीय गायन शिकवते. तालमग्न यांच्या पहिल्या पोस्टमध्ये एका मुद्द्याची भर घालते. खोली हवाबंद केल्यावर तिच्यातला आवाज बाहेर न जाता आतच फिरतो आणि समांतर, मोकळ्या भिंती असतील तर टाळी वाजवल्यावर फडफड ऐकू येते. तेव्हा शोषण लागतेच. पण अनेक जण पातळ फोम सगळीकडे लावतात, त्याने फक्त वरचे स्वर खाल्ले जातात. चाट निष्प्राण वाटते आणि डग्गा तसाच घोंगावत राहतो. १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते, तिच्यापुढे एक इंचाचा फोम काय करणार? चार इंच जाडीचे रॉकवूल सुती कापडात गुंडाळून खोलीच्या कोपऱ्यांत, भिंतीपासून थोडे अंतर सोडून उभे करावे, कारण खालचे स्वर कोपऱ्यांत साठतात. बाकीच्या भिंतींचा साधारण तिसरा हिस्सा झाकला की पुरे. रियाजाच्या खोलीत थोडी गुंज राहू द्यावी, नाहीतर मुलांना स्वतःच्या आवाजाचा अंदाज येत नाही आणि ती नकळत जोर लावू लागतात.

खाडीकाठ

कायद्याबद्दल एक नोंद. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खाजगी जागेतील वाद्य किंवा ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढू नये असेही त्यात आहे. खोली कितीही चांगली केली तरी रियाज सकाळी सहानंतरच सुरू करावा, असे मला वाटते. शेजाऱ्यांशी बोलून वेळा ठरवल्या आणि त्या सोसायटीच्या कार्यालयात लेखी कळवल्या तर पुढचे बरेच वाद टळतात.

तालमग्न

आम्ही सकाळी सहानंतर आणि रात्री साडेनऊच्या आत हाच नियम ठेवला आहे.

बांधकामवाला, तुमच्या सूचनेनुसार भिंतीवर टकटक करून पाहिले, मग स्विचबॉक्स उघडला. भिंत काँक्रीटची निघाली आणि बॉक्सच्या मागे शेजारच्या घरातला उजेड दिसत होता. तेवढेच भरून घेतले आहे, वेगळी भिंत उभी करणार नाही.

आता ज्यांना असे काम करायचे आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी, ज्या कंत्राटदार सहसा सांगत नाहीत.

पहिली हवेबद्दल. खोली हवाबंद झाली की ती श्वासोच्छ्वासासाठीही हवाबंद होते. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतली हवाच थंड करून फिरवत राहतो. दार-खिडकी बंद करून तासभर जोरकस रियाज केला की कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोके जड होते आणि मूल कंटाळले आहे असे आपण समजतो. आम्ही माळ्यावर प्लायची एक लांब पेटी बसवली आहे. तिच्या आत दोन काटकोनी वळणे आहेत, आतून रॉकवूलचे अस्तर आणि त्यावर कापड आहे आणि बाहेरच्या टोकाला छोटा शांत पंखा आहे. हवा वळणांतून जाते, आवाज वळणांवर अस्तरात विरतो. पेटीचा आडवा छेद मोठा ठेवावा, म्हणजे हवेचा वेग कमी राहतो आणि तिचा सुसाट आवाज होत नाही. येणाऱ्या हवेइतकीच हवा बाहेर जायला दुसरी अशीच वाट लागते. आणि कृपया हे लक्षात ठेवा: ज्या खोलीला लागून बाथरूम आहे आणि त्यात गॅस गीझर आहे, ती खोली असा बंदोबस्त करून बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी गीझर विजेचा करून घ्यावा.

दुसरी गोष्ट पावसाची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, पश्चिमेकडच्या भिंती विशेष. ओल्या भिंतीवर बोर्ड मारला तर मागे रॉकवूल भिजते, बुरशी वाढते आणि वास यायला लागेपर्यंत काही कळत नाही. गळती आधी बाहेरून बंद करावी, एक पावसाळा भिंत उघडी ठेवून पाहावी आणि मगच तिच्यावर काम करावे. सांगाडा लाकडाऐवजी जीआयचा घ्यावा म्हणजे वाळवीची चिंता नाही, आणि बोर्ड ओलावा सोसणारे, हिरव्या रंगाचे घ्यावेत. आतली खिडकी उघडता येण्याजोगीच हवी. पावसाळ्यात एसी कमी तापमानावर चालवला की दोन काचांच्या मध्ये, आतल्या काचेच्या बाहेरच्या बाजूला दव जमते. आठवड्यातून एकदा ती खिडकी उघडून कोरड्या सुती फडक्याने काच आणि खालची चौकट पुसावी लागते, नाहीतर कोपऱ्यातल्या गॅस्केटवर काळी बुरशी धरते.

खारेगावकर

तालमग्न, पेटीची मापे आणि पंख्याची जोडणी दाखवणारे एखादे रेखाचित्र देता आले तर फार बरे होईल. माझ्या खोलीला माळा नाही. दाराच्या वरच्या झरोक्याच्या जागी ती बसेल का, हे ठरवायचे आहे.

तालमग्न

बसेल, पण पॅसेजमध्ये पेटी बाहेर येईल, कारण वळणांसाठी किमान अडीच-तीन फूट लांबी लागते. पॅसेजची उंची आणि झरोक्याचे माप कळवा. सुताराकडून आमच्या पेटीची मापे उद्या घेतो आणि दोन्ही वळणांसह रेखाचित्र याच धाग्यावर टाकतो.